उलटा जोर

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, रात्रीचे साडेअकरा.
जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मॉनिटरने घेतलाय,
उरलेल्या अर्ध्यावर ही उद्याची गवार मोडतेय,
आणि माझं आठ आसनांचं जेट
चाकं टेकवूनही थांबत नाहीये.

टेकलं अगदी बरोबर होतं. वेग एकशे बारा.
पंखांवरचे पत्रे उभे राहिले,
मी खटके मागे ओढले,
शेपटीजवळची झाकणं उघडली,
इंजिनांनी आवाज काढला केवढा!
पण वेग उतरतोय कसा,
तर सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी चूक कबूल करतो तसा.
एकशे पाच.
शंभर.
सत्त्याण्णव.
मग धावपट्टीच्या टोकाचे लाल दिवे.
मग हिरवं.

बावीस वर्षं रबाळ्याला ब्रेक लायनिंग तपासलंय मी.
फिरत्या ड्रमवर पट्टी दाबायची,
तापू द्यायची, निवू द्यायची, पुन्हा दाबायची.
जळक्या राळेचा वास शर्टातून घरी यायचा,
ही शर्ट वेगळा भिजवायची.
थांबणं काय असतं
ते मला शिकवू नका.

म्हणून फाइल उघडली.
आत जेट नव्हतंच, नुसते आकडे,
रकान्यांत मांडलेले, किराण्याच्या यादीसारखे.
उलटा जोर : शून्य पूर्णांक दोन.
दोनाचे सहा केले.

आता जेट असं थांबलं
की कुणी मागून सदरा धरावा.
निम्मी धावपट्टी कोरी राहिली समोर.
दोनदा उतरलो. ही म्हणाली, जमलं की.
तिसऱ्यांदा उतरलो आणि कानशिलं तापली.
नापास पट्टीवर शिक्का मारल्यावर
हात जसा खिशात लपतो,
तसा माउसवरचा हात.
पुस्तिकेत तर लिहिलंच होतं मागच्या पानावर, बारीक अक्षरात :
आवाजावर जाऊ नका,
थांबवण्याचं काम मुख्यतः ब्रेकच करतात.

रविवारी हसुराम आला, पिशवीत सुकी करंदी घेऊन.
आम्ही एकाच शिफ्टचे. तो प्रेसवर, मी तपासणीला.
त्याचं गाव उलव्याकडचं.
गाव उठलं, म्हणजे घरं दुसरीकडे गेली
आणि गावाचं नाव पाटीवर राहिलं.

मी नवा विमानतळ लावून ठेवला होता.
तो चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बसला.
खाडी कुठली विचारलं.
डोंगर कुठे गेला ते विचारलं नाही.
मग बोट ठेवलं, धावपट्टी संपते तिथे,
काचेवर ठसा उमटला.
"यं माजे आज्याचं खाचर."

तिथे सपाट हिरवं होतं.
बांध नाही, उघाडी नाही,
चिंबोरीचं बीळ नाही.
कुणीतरी दूरदेशी बसून
एकदाच ब्रश ओढला असावा.

मी सहाचे परत दोन केले.
खटके हसुरामच्या हातात दिले,
प्रेसचा दांडा ओढावा तसे त्याने ते धरले.
एकशे दहा. एकशे चार.
माझा पाय सवयीने ब्रेककडे गेला.
"जावदे," तो म्हणाला. "थांबव नको."

लाल दिवे खालून गेले.
जेट थोडं डुललं, एक चाक रुतल्यासारखं वाटलं,
पण रुतायला चिखल नव्हता तिथे,
आणि हिरव्यात कुठेतरी
ते आपलं आपण उभं राहिलं.

ही गवार सोडून मागे येऊन उभी होती.
"भात होतं का तेव्हा?"
"राता," तो म्हणाला. "खारा राता. लाल."

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
बाहेर निघता येतं का यातून?
दरवाजा उघडायची कळ आहे, म्हटलं. दाबली.
दार खाली आलं, त्यालाच चार पायऱ्या.
त्यापुढे कुणी काही बनवलेलं नाही.

हसुराम पायऱ्यांकडे बघत राहिला, मग मला म्हणाला,
"चपला हातान घे."